शेळ्यांच्या जंतांवर औषध का चालत नाही: आरेतल्या एका कळपाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

कळप ठरला. आरे कॉलनीतल्या एका पाड्यावरच्या सात घरांच्या मिळून ४६ शेळ्या, चराई एकत्र, रात्री गोठे वेगवेगळे. तबेल्यातल्या म्हशी मुद्दाम घेतल्या नाहीत. त्या दावणीला कापलेलं पारा गवत खातात, जमिनीला तोंड लावत नाहीत, त्यामुळे चौथ्या पोटातल्या गोल जंतांचा प्रश्न तिथे शेळ्यांइतका मोठा नाही.

तक्रार सगळीकडे एकच: दर पावसाळ्यात जंताचं औषध पाजतो, तरी श्रावणात करडं मरतात. जबड्याखाली पाण्याची सूज येते, डोळे (म्हणजे पापणीची आतली बाजू) पांढरे पडतात, हगवण मात्र असेलच असं नाही. ही लक्षणं हिमोंकसकडे बोट दाखवतात. हा जंत रक्त पितो, एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली. म्हणजे पोटात हजार जंत असले तर रोज ५० मिली रक्त गेलं. वीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त सव्वा-दीड लिटरच्या आसपास असतं. तेव्हा आठवडाभर "बघू, होईल बरी" म्हणत थांबायला इथे जागा नाही.

प्रश्न असा मांडला आहे: औषध चालत नाही याचं कारण जंत, की आपण? कमी डोस, चुकीचं वजन, थुंकलेलं औषध, तळाशी बसलेली बाटली, यातलं प्रत्येक कारण बाहेरून अगदी औषध-प्रतिकारासारखं दिसतं. ही कारणं एकेक करून बाजूला काढल्याशिवाय जंताला दोष द्यायचा नाही.

९ जून

वजनं. ५० किलोचा डिजिटल ताणकाटा आंब्याच्या फांदीला टांगला, गोणपाटाची झोळी केली, पोटाखालून घालून शेळी उचलली. चौघं जण, तीन तास. आधी प्रत्येक मालकाला अंदाजे वजन विचारून लिहून ठेवलं, मग काट्यावर घेतलं. करडांचे अंदाज बरोबर निघतात, मोठ्या शेळ्यांचे जवळपास नेहमी कमी.

एक उदाहरण वहीत सविस्तर लिहून ठेवतो, कारण सगळा घोळ यातच दिसतो. काळी, एका कानाला चीर असलेली शेळी. मावशींचा अंदाज १८ किलो, काट्यावर २४. पाजायचं फेनबेंडाझोल दर मिलीला २५ मिग्रॅचं. आजवर तिला बाटलीवरचा मेंढीचा डोस दिला जात होता, किलोला ५ मिग्रॅ. १८ किलोच्या हिशेबाने ३.६ मिली. शेळीचं यकृत हे औषध मेंढीपेक्षा लवकर निकामी करून बाहेर टाकतं, म्हणून शेळीला किलोला १० मिग्रॅ लागतं. २४ किलोला झाले ९.६ मिली. तिला गेली काही वर्षं गरजेच्या जेमतेम एक-तृतीयांशाहून थोडं जास्त औषध मिळत होतं.

अशा अर्ध्या-कच्च्या डोसात नाजूक जंत मरतात आणि थोडेफार दणकट असलेले वाचतात. पुढची पिढी त्या वाचलेल्यांचीच. मावशींनी विचारलं, "म्हणजे डॉक्टर, चूक आमची?" चूक त्यांची नाही. बाटलीवर शेळीचा डोस छापलेला नव्हता आणि काटा कोणी आणून दिला नव्हता.

१७ जून

औषधाआधी आणि नंतर लेंडीतली जंतांची अंडी मोजायची, त्यावरून औषध चाललं का ते कळतं. त्यासाठी अंडी तरंगवण्याचं मिठाचं पाणी. ठरलेली कृती: एक लिटर कोमट पाण्यात ४०० ग्रॅम मीठ, तळाशी थोडं न विरघळता उरेपर्यंत ढवळायचं, थंड झाल्यावर वरचं पाणी गाळून घ्यायचं. विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) १.२० हवं.

आज पहिल्याच सरावात गडबड. एकाच लेंडीच्या नमुन्यातून दोघांच्या मोजणीत निम्म्याचा फरक. स्लाइड, गाळणी, चष्मे सगळं तपासलं, चूक मिठात निघाली. पाऊस सुरू झाल्यापासून खड्याच्या मिठाला पाझर सुटला होता. काट्यावर भरलेल्या ४०० ग्रॅममध्ये पाणीही होतं, आणि घाईत तळाशी मीठ उरलंय का हे पाहिलं गेलं नाही. हायड्रोमीटरवर १.१६ दिसलं. अंडी वर यायला आळस करतात, काही तळालाच राहतात, मोजणी कमी येते. औषधानंतरचा नमुना अशा पाण्यात मोजला असता तर औषध छान चाललं असं वाटलं असतं.

उपाय: मीठ तव्यावर परतून कोरडं करून हवाबंद डब्यात. रोज सकाळी मोजपात्रात १०० मिली द्रावण घेऊन वजन करायचं, १२० ग्रॅम आलंच पाहिजे. हायड्रोमीटर फुटला तरी ही तपासणी चालू राहते.

१९ जून

मोजणीची पद्धत पक्की केली. लेंड्या थेट गुदद्वारातून, हातमोजा घालून, जमिनीवरून उचललेल्या चालणार नाहीत. ३ ग्रॅम लेंड्या खलबत्त्यात थोड्या मिठाच्या पाण्यासोबत कुस्करायच्या (शेळीची लेंडी कडक असते, दहा मिनिटं भिजू दिली तर बरी), एकूण ४२ मिली द्रावण वापरायचं, चहाच्या बारीक गाळणीतून गाळायचं. गाळलेलं ढवळता ढवळताच ड्रॉपरने उचलून मॅकमास्टर स्लाइडचे (रेघा आखलेल्या मोजणीच्या काचेचे) दोन्ही कप्पे भरायचे. ढवळणं थांबवून मग उचललं तर अंडी आधीच वर गेलेली असतात आणि ड्रॉपरमध्ये भलताच थर येतो.

पाच मिनिटं थांबून सूक्ष्मदर्शकाच्या १० च्या भिंगाखाली रेघांच्या आतली अंडी मोजायची. भिंगाचा नेम रेघांच्या पातळीवर, हवेचे बुडबुडे काळ्या कडांनी स्पष्ट दिसतात तिथे. अंडी तिथेच असतात, तळाशी नाहीत. दोन्ही कप्प्यांची बेरीज गुणिले ५० म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. अर्ध्या तासात मोजून संपवायचं. त्यापुढे मिठाने अंडी सुरकुततात आणि कप्प्यांच्या कडेला मिठाचे स्फटिक धरू लागतात.

काय मोजायचं आणि काय नाही: हिमोंकस आणि त्याच्या भाऊबंदांचं अंडं लंबगोल, पातळ कवचाचं, ७० ते ९० मायक्रॉन लांब, आत पेशींचा द्राक्षघडासारखा गोळा. स्ट्राँगिलॉइड्सचं अंडं लहान आणि आत वळवळती अळी तयार. पट्टकृमी मोनिझियाचं कोनेदार. ट्रायक्युरिसचं दोन्ही टोकांना बूच असलेलं, लिंबासारखं. कॉक्सिडियाच्या गाठी याहून बऱ्याच लहान. फक्त पहिला प्रकार धरायचा, बाकी शेऱ्यात लिहायचे.

६ जुलै

ओळखीच्या मटणवाल्याकडून तीन चौथी पोटं आणली. वजडीसाठी घेतली जाणारी पोटं ती हीच नव्हेत. पहिल्या पोटाची वजडी सगळे ओळखतात, पण चौथं पोट, खरं जठर, आतडं सुरू होण्याआधीची नासपतीसारखी पिशवी, त्याला वेगळं काढून द्या असं सांगावं लागलं. दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून घेतली, नाहीतर वाटेत माल सांडतो.

बादलीवर धरून मोठ्या बाजूने कापलं, आतली घडी-घडी बोटांनी धुतली. पाणी २ लिटरपर्यंत भरलं, ढवळत ढवळत २०० मिली बाजूला घेतलं, पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून मोजलं आणि दहाने गुणलं. दोन पोटं जवळजवळ साफ. तिसऱ्यात जंत होते आणि ते पाहिल्यावर कोणालाही पुन्हा ओळखायला सांगावं लागणार नाही. मादी दोन ते तीन सेंटिमीटर, रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि पांढरे बीजकोश एकमेकांभोवती पिळलेले, लाल-पांढऱ्या पिळाच्या दोरीसारखे. नर लहान आणि नुसता लालसर. जठराच्या अस्तरावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. अशी एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते.

पाड्यावरच्या तिघांना हा ट्रे दाखवला. औषध कशाला मारायला देतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

१४ जुलै

वेळ साधली. पावसाची सुरुवात होऊन महिना झाला. उबदार ओलीत अंड्यापासून संसर्गी अळी पाच ते सात दिवसांत तयार होते, पोटात गेल्यावर अंडी घालू लागायला साधारण तीन आठवडे. म्हणून मोजणी जुलैच्या मध्याला चढते. सांताक्रूझला या चार महिन्यांत २ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे अळीला कोरड्याची भीती सप्टेंबर संपेपर्यंत जवळपास नाहीच.

सगळ्या ४६ ची तपासणी. गेल्या आठ आठवड्यांत कोणालाही जंतनाशक दिलेलं नाही, हे घरोघरी विचारून आणि रिकाम्या बाटल्या पाहून खात्री केली. दोन करडं तीन महिन्यांखालची, बाहेर ठेवली. दोन शेळ्यांचे डोळे पांढरेफटक, त्यांना चाचणीत न घेता आजच लेव्हामिसोल हे दुसऱ्या कुळातलं जंतनाशक. चाचणीसाठी जनावर आजारी ठेवायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरवलेलं आहे.

उरल्या ४२. अंड्यांची मोजणी जास्त ते कमी अशी लावून, क्रमाने एकेक वाटून तीन जंतनाशकांचे (फेनबेंडाझोल, लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन) तीन गट बारा-बाराचे आणि सहा शेळ्या बिनऔषधाच्या. तुलना त्याच शेळीची आधी-नंतरची, २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धतीप्रमाणे. सहा बिनऔषधाच्या ठेवल्या त्या एवढ्यासाठी की पंधरा दिवसांत मोजणी आपोआप खाली येतेय का ते कळावं. त्यांचे डोळे दर चौथ्या दिवशी पाहायचे.

त्या पद्धतीतला एक मुद्दा फार उपयोगाचा: गुणून आलेला आकडा नव्हे, स्लाइडवर प्रत्यक्ष मोजलेली अंडी किती, ते बघा. दोन अंडी दिसली आणि ५० ने गुणून १०० लिहिलं, तर तो आकडा दिसतो भक्कम, पण उभा असतो दोन अंड्यांवर. आम्ही प्रत्येक गटात आधीची प्रत्यक्ष मोजणी २०० च्या वर असावी असं धरलं होतं. फेनबेंडाझोल गटात २२६, लेव्हामिसोल गटात २३१, आयव्हरमेक्टिन गटात २१८. बिनऔषधाच्या सहांत १०४.

१६ जुलै

पाजण्याचा दिवस. डोस पशुवैद्यकाने लिहून दिलेले, कारण शेळीचे हे डोस बाटलीवर नसतात: फेनबेंडाझोल किलोला १० मिग्रॅ, लेव्हामिसोल १२ मिग्रॅ, आयव्हरमेक्टिन तोंडावाटे ०.४ मिग्रॅ. आमचं आयव्हरमेक्टिनचं पाजण्याचं औषध मिलीला ०.८ मिग्रॅचं, म्हणजे किलोमागे अर्धा मिली, हिशेब सोपा. गाभण शेळ्या कळपात असल्याने अल्बेंडाझोल घेतलं नाही, सुरुवातीच्या गाभणपणात ते पिल्लात व्यंग आणू शकतं. दुभत्यांचं दूध बाटलीवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत घरात किंवा विक्रीला वापरायचं नाही, हे प्रत्येक घरी सांगितलं आणि त्या दुधाचे पैसे प्रकल्पातून दिले. असं केलं नाही तर पुढच्या वेळी कोणी शेळी पुढे आणत नाही.

वजनं परत घेतली, जूनची चालत नाहीत. लेव्हामिसोलबाबत हे जास्तच जपायचं. या औषधात उपयोगी आणि विषारी डोसातलं अंतर कमी आहे. जास्त झालं तर तासाभरात लाळ गळते, अंग थरथरतं. तीन तास सगळ्यांवर लक्ष ठेवलं, काही झालं नाही.

बाटली प्रत्येक शेळीआधी उलटसुलट हलवायची. फेनबेंडाझोल पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगत असतं. न हलवता पाजत गेलो तर पहिल्या शेळ्यांना पाणी आणि शेवटच्यांना गाळ. २० मिलीची सुई काढलेली सिरिंज, ओठाच्या कोपऱ्यातून दातांच्या मोकळ्या जागेतून आत, टोक जिभेच्या मुळाशी. डोकं जमिनीला समांतर, फार वर केलं तर औषध श्वासनळीत जातं. आणि औषध जिभेच्या पुढच्या भागावर सोडलं तर पहिल्या पोटाला वळसा घालणारी घडी मिटते, औषध थेट पुढे जातं आणि अंगात टिकायचं तेवढं टिकत नाही. आदल्या रात्रीपासून चारा कमी केला होता. पोट संथ असलं की फेनबेंडाझोल जास्त वेळ राहतं. पाणी तोडायचं नाही.

नोंद: आयव्हरमेक्टिन गटातल्या २७ नंबरच्या बोकडाने अंदाजे निम्मं थुंकलं. परत पूर्ण डोस द्यायचा की नाही यावर वेळ गेला, शेवटी दिला नाही. चुकलं. पुढच्या वेळी नियम: थुंकलं की तेव्हाच वजन परत पाहून पूर्ण डोस द्यायचा, तेही जमण्यासारखं नसेल तर जनावर चाचणीतून बाहेर. लेव्हामिसोलला मात्र हा नियम लागू नाही, तिथे थेट बाहेर.

३० जुलै

चौदावा दिवस. तिन्ही गट एकाच दिवशी मोजले. लेव्हामिसोल आठवड्यात, फेनबेंडाझोल दहा दिवसांत मोजता येतं. आयव्हरमेक्टिन मात्र चौदा दिवसांआधी मोजू नये, कारण वाचलेल्या माद्या काही दिवस अंडी घालणं बंद ठेवू शकतात आणि औषध चाललंय असा भास होतो. पाड्यावरच्या लोकांना एकदाच त्रास द्यायचा म्हणून सगळ्यांना चौदा धरले.

नमुने बर्फाच्या पिशव्यांसोबत थर्माकोलच्या पेटीत. अर्धे नमुने मात्र मुद्दाम बर्फाशिवाय वेगळे ठेवले. थंडीत अंडी फुटत नाहीत म्हणून मोजणीसाठी थंडी चांगली, पण हिमोंकसचं अंडं थंडीला नाजूक. अळ्या वाढवायच्या नमुन्याला फ्रीज दाखवला तर हिमोंकस मरतं, दुसऱ्या जाती टिकतात आणि निकाल उलटा लागतो.

३१ जुलै

प्रत्यक्ष मोजलेली अंडी:

फेनबेंडाझोल, आधी २२६, नंतर १२१. घट ४६.५ टक्के.
लेव्हामिसोल, आधी २३१, नंतर ६. घट ९७.४ टक्के.
आयव्हरमेक्टिन, आधी २१८, नंतर ५९. घट ७२.९ टक्के.
बिनऔषधाच्या सहांत १०४ वरून ११७, म्हणजे मोजणी आपोआप उतरत नव्हती.

१९९२ पासून वापरात असलेला निकष: घट ९५ टक्क्यांखाली आणि ९५ टक्के विश्वास-अंतराची (खरी घट ज्या पट्ट्यात असावी त्याची) खालची कड ९० च्या खाली असेल तर प्रतिकार आहे असं धरायचं. फेनबेंडाझोल यात सरळ नापास. वजन काट्यावर, डोस शेळीचा, बाटली हलवलेली, पाजणं नीट, द्रावण १.२०, तरी निम्म्याहून जास्त अंडी उरली. इथे आता जंताकडे बोट दाखवायला हरकत नाही.

आयव्हरमेक्टिनचा आकडा तसा नाही. उरलेल्या ५९ पैकी २८ अंडी एकट्या २७ नंबरची, ज्याने थुंकलं. त्याची आधीची ३१. त्याला वगळून १८७ वरून ३१, घट ८३.४ टक्के. तरी ९५ खालीच, पण एका जनावराने साडेदहा टक्के हलवले. थुंकल्याची नोंद वहीत नसती तर ७२.९ हाच आकडा खरा मानून पुढे गेलो असतो. हा भाग परत करायचा.

८ ऑगस्ट

उरलेले जंत कुठल्या जातीचे ते कळायला अळ्यांची वाढ पाहिली. ३० तारखेच्या बर्फाशिवायच्या लेंड्या हलक्या हाताने फोडून काचेच्या बरणीत, ओल इतपतच की मुठीत दाबलं तर पाणी सुटू नये, झाकण सैल, २५ ते २७ अंशांवर, रोज एकदा झाकण उघडून हवा. दोन बरण्यांत बुरशी माजली, त्या टाकल्या, ओल जास्त झाली होती. नवव्या दिवशी मलमलीच्या पुरचुंडीत बांधून नरसाळ्यात कोमट पाण्यावर टांगलं, खाली रबराची नळी आणि चिमटा. अळ्या पाण्यात उतरून रात्रभरात नळीत जमा होतात. सकाळी चिमटा सोडून पहिले १० मिली घेतले, आयोडीनचा थेंब टाकला, १०० अळ्या ओळखल्या.

ओळख शेपटावरून. वरच्या खोळीचं शेपूट अळीच्या खऱ्या टोकापुढे मध्यम लांब जाऊन जरा मोडल्यासारखं वाकलं असेल आणि डोकं निमुळतं गोल असेल तर हिमोंकस. खोळ अगदी आखूड असेल तर ट्रायकोस्ट्राँगायलस. चाबकाच्या दोरीसारखी लांब असेल तर इसोफॅगोस्टोमम, त्याच्या आतड्याच्या पेशीही जास्त असतात. खोळ नसलेल्या लांब अन्ननलिकेच्या अळ्या स्ट्राँगिलॉइड्सच्या, त्या धरायच्या नाहीत.

औषधाआधीच्या एकत्र नमुन्यात हिमोंकस ७८, ट्रायकोस्ट्राँगायलस १६, इसोफॅगोस्टोमम ६. फेनबेंडाझोलनंतर हिमोंकस ९७. म्हणजे हे औषध बाकीच्यांना अजून मारतंय, हिमोंकसला मारत नाहीये. कळप एकच, पण निकाल जातीप्रमाणे वेगळा, म्हणून नुसत्या अंड्यांच्या आकड्यावर थांबू नये.

१२ ऑगस्ट

अंडी उबवण्याची चाचणी, पहिला प्रयत्न वाया. फेनबेंडाझोलच्या कुळातली औषधं (अल्बेंडाझोल, ऑक्सफेंडाझोल, थायाबेंडाझोल) अंड्याची वाढ रोखतात, म्हणून अंडी औषधात ठेवून किती उबतात ते बघता येतं. पण अंडी ताजी हवीत. लेंडी पडल्यापासून साधारण तीन तासांनंतर उघड्या हवेत वाढ इतकी पुढे जाते की औषधाचा परिणामच होत नाही, आणि साधं अंडंही प्रतिकार असल्यासारखं उबतं. आज महामार्गावर पाणी भरलं, नमुना प्रयोगशाळेत पोचायला पाच तास. चाचणीच्या प्लेटमधल्या औषध असलेल्या आणि नसलेल्या खाचांत जवळपास सारखीच अळी. निकाल फेकला.

उपाय: बाटली नमुना आणि पाण्याने गळ्यापर्यंत भरायची, आत काचेचे मणी टाकून हलवायची, हवेचा एक बुडबुडा उरू द्यायचा नाही. हवा नसली की अंड्याची वाढ थांबते आणि नमुना प्रवास सहन करतो.

१९ ऑगस्ट

परत केली, गच्च भरलेल्या बाटल्यांतून. लेंड्यांचा पातळ काला २५० मायक्रॉनच्या जाळीतून, मग १०० मायक्रॉनच्या, शेवटी २५ मायक्रॉनच्या जाळीवर अंडी अडली. मिठाच्या पाण्यात तरंगवून वरचा थर घेतला आणि लगेच २५ च्या जाळीवर साध्या पाण्याने भरपूर धुतला. हे धुणं चुकवलं तर मीठच अंडी मारतं.

थायाबेंडाझोल १० मिग्रॅ, १० मिली डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये. त्यातून त्याच द्रावकात पन्नासपट पातळ करून मिलीला २० मायक्रोग्रॅम. प्रत्येक खाचेत २ मिली पाण्यात सुमारे १०० अंडी आणि १० मायक्रोलिटर हे द्रावण, म्हणजे शेवटी मिलीला ०.१ मायक्रोग्रॅम. नियंत्रण खाचांत औषधाशिवाय तेवढंच द्रावक. २७ अंशांवर ४८ तास, मग लुगोलच्या आयोडीनचे दोन थेंब टाकून सगळं जागच्या जागी थांबवलं.

तीन-तीन खाचांची सरासरी: नियंत्रणात १०० पैकी ९३ उबली, औषधात ६१. नियंत्रणाच्या प्रमाणात ६५.६ टक्के. साध्या हिमोंकसची अंडी या मात्रेला जवळपास सगळी अडायला हवीत. कळपातल्या निकालाला हा दुसऱ्या बाजूने दुजोरा मिळाला, आणि यात पाजण्याच्या चुकीला जागाच नाही.

कारण ठाऊक आहे. हे औषध जंताच्या बीटा-ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटतं आणि पेशीचा सांगाडा उभा राहू देत नाही. त्या प्रथिनात २०० व्या जागी फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लाच्या ऐवजी टायरोसिन आलं की औषध चिकटत नाही. १६७ आणि १९८ या जागांवरही असे बदल होतात. या कुळातली सगळी औषधं तिथेच चिकटतात. म्हणून फेनबेंडाझोल चाललं नाही तर अल्बेंडाझोलची बाटली आणून फरक पडत नाही. पाड्यावर दोन घरांनी नेमकं हेच केलं होतं, "औषध बदलून बघितलं" म्हणून. बदललं ते बाटलीवरचं नाव. औषध त्याच कुळातलं राहिलं. औषधाच्या दुकानात हे कोणीतरी समजावून सांगायला हवं, त्यात पैसे जातात आणि करडूही जातं.

ही गोष्ट नवी नाही. थायाबेंडाझोल १९६१ मध्ये बाजारात आलं, १९६४ मध्ये हिमोंकसमधल्या प्रतिकाराची नोंद झाली.

२ सप्टेंबर

डोळे पाहण्याचं प्रशिक्षण, फमाचा तक्त्यावरून. दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी तयार झालेली पद्धत, शेळ्यांतही चालते. खालच्या पापणीच्या आतला रंग १ (लालबुंद) ते ५ (कागदासारखा पांढरा). अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर हलकी दाबायची, दुसऱ्या अंगठ्याने खालची ओढायची, एका नजरेत रंग घ्यायचा. जास्त वेळ उघडी धरली तर रक्त चढतं आणि पांढरा डोळाही गुलाबी दिसू लागतो. उघड्यावर दिवसाच्या उजेडात बघायचं. ताडपत्रीखाली निळा प्रकाश येतो आणि मोबाइलच्या दिव्यात सगळंच फिकट दिसतं, काल दोन शेळ्यांचे गुण त्यामुळेच चुकले.

४ आणि ५ ना औषध नक्की. ३ असेल तर शेळी गाभण, दुभती किंवा लहान असल्यास द्यायचं. १ आणि २ ना द्यायचं नाही. "तिच्या पोटात जंत आहेत आणि तुम्ही औषध देत नाही?" हा प्रश्न प्रत्येक घरात आला आणि तो रास्त आहे. उत्तर असं दिलं: तिच्या पोटातल्या जंतांवर आत्ता औषध पडत नाही, म्हणजे त्यांच्यातले औषधाने मरणारेही जगतात. त्यांची अंडी चराईवर पडू द्यायची. औषधाला न जुमानणाऱ्या जंतांची पिल्लं मग त्यांच्यात मिसळून पातळ होतात. सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजलं तर चराईवर उरतात ती फक्त दणकट जंतांचीच पिल्लं.

तक्ता रक्तक्षयच दाखवतो. गोचीड आणि पर्णकृमीनेही डोळे पांढरे होतात, तेव्हा कानामागे आणि मांडीत हात फिरवून गोचीड बघायची.

६ ऑक्टोबर

आयव्हरमेक्टिनची फेरचाचणी. २२ सप्टेंबरला लेव्हामिसोल न मिळालेल्या १० शेळ्यांना दिलं, कोणी थुंकलं नाही, आज चौदावा दिवस. १६३ वरून २४, घट ८५.३ टक्के. थुंकलेला बोकड सोडून आलेल्या ८३.४ च्या जवळ. हे औषधही या कळपात ढासळतं आहे, पूर्ण गेलेलं नाही.

११ ऑक्टोबर

सात घरांसोबत बसून पुढचं ठरवलं. फेनबेंडाझोल आणि त्याचं कूळ या कळपाच्या चौथ्या पोटातल्या जंतांसाठी बंद. करडांना पट्टकृमी दिसला तर तेवढ्यासाठी वेगळं पाहू. लेव्हामिसोल फक्त डोळा पांढरा असलेल्यांना, वजन काट्यावर करून. काटा आणि झोळी एका घरी कायम ठेवली आहे.

ईदच्या बाजारातून दरवर्षी दोन-चार शेळ्या कळपात येतात. राजस्थान, मध्य प्रदेश, कुठून कुठून आलेल्या, आपापल्या गावच्या औषधांना सरावलेले जंत पोटात घेऊन. नवी शेळी आली की पंधरा दिवस वेगळी बांधायची, पशुवैद्यकाला विचारून दोन वेगळ्या कुळांची औषधं एकाच दिवशी द्यायची, चौदाव्या दिवशी लेंडी मोजायची. अंडी शून्याजवळ असली तरच कळपात, आणि तेही नेहमीच्या चराईवर सोडायचं, राखून ठेवलेल्या कोऱ्या गवतावर नाही. कोऱ्या गवतावर तिच्या उरल्यासुरल्या जंतांचंच राज्य होईल.

चराई: संसर्गी अळ्या गवताच्या खालच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये सर्वाधिक असतात, दंव आणि ओलीत वर चढतात. बिबट्याच्या भीतीने संध्याकाळी शेळ्या लवकर आत घेतल्या जातातच, सकाळीही दंव वाळेपर्यंत सोडायच्या नाहीत असं ठरलं. तोवर सुबाभूळ आणि शेवरीचा पाला, जमिनीवर न टाकता दोरीने बांधून शेळीच्या तोंडाच्या उंचीवर टांगलेला. पाल्यावर अळी चढत नाही.

पुढची मोजणी जानेवारीत, लेव्हामिसोलसाठी पुढच्या जुलैत पुन्हा पूर्ण चाचणी. आज ३, २२ आणि ३८ नंबरच्या डोळ्यांना ४ गुण. तिघींची वजनं १९.४, २६.१ आणि २१.८ किलो. डोस मोजून दिला, दूध वेगळं काढायला सांगितलं.